फाल्त्सात

दाखला एका पानाचा. टाइपरायटरचा, शाई पुसट,
गोल शिक्क्यात गरुड आहे की डाग, कळत नाही.
मुरलीधर गव्हाणे, राहणार भोसरी,
लेथवर काम केलं, सव्वीस महिने.
गावाचं नाव, आणि त्याखाली: फाल्त्स.

पेन्शनच्या कचेरीला इंग्रजी हवं.
पहिल्या खेपेला मी फाल्त्स तसंच ठेवलं,
नावाला कशाला हात लावा.
नेनेबाईंनी लाल पेनानं खोडलं.
नेनेबाई बत्तीस वर्षं जर्मन शिकवून रिटायर,
एरंडवण्यात तिसरा मजला,
लिफ्ट बंद असली तरी त्यांचा आवाज खाली येतो.
“इंग्रजीत त्याला पॅलाटिनेट म्हणतात.
आणि आधी ‘द’ लावायचा.
बव्हेरियाला नाही. सॅक्सनीला नाही.
ह्याला लावायचा.”
का, विचारलं.
“राजवाड्यातल्या एका हुद्देदाराचा मुलूख होता तो.
हुद्दा गेला, ‘द’ राहिला.
राज्याचं नाव लिहाल तर ऱ्हाइनलँड-पॅलाटिनेट,
तिथे ‘द’ नको.
आणि वरचा पॅलाटिनेट निराळा, तो बव्हेरियात.
गफलत करू नका.”
म्हटलं, म्हणजे पिंपळे.
पिंपळे गुरव, पिंपळे निलख, पिंपळे सौदागर.
त्या हसल्या नाहीत. बरोबर, म्हणाल्या.

कर्वे रोडच्या सिग्नलला गाडी बंद करून
आपल्याकडचा ‘द’ शोधत बसले.
आपल्याकडे नाही.
पण आपण कोकणात उतरतो
आणि देशावर येतो.
कोकणावर कुणी उतरत नाही.
हे मला कधी कुणी लाल पेनानं
शिकवलं नव्हतं.
मागून हॉर्न. हिरवा होऊन गेला होता.

गव्हाणे आले. वय ब्याऐंशी,
खिशात चष्म्याची डबी, डबीत बसचा पास.
पॅलाटिनेटवर बोट ठेवून म्हणाले,
“हे कुठलं? इथं मी गेलेलोच नाही.”
समजावलं. मुलूख, हुद्देदार, सगळं.
“इंग्रजांना काय म्हणायचं ते म्हणू दे.
मी फाल्त्सात होतो.”

फाल्त्सात.
मी फाल्त्समध्ये म्हणते.
परक्या नावाला आपण मध्ये लावतो,
चिमट्यानं भांडं उतरवावं तसं.
ह्यांनी नाव सरळ हातात घेतलं, वाकवलं,
जसं पुणे वाकतं पुण्यात.
आणि ते वाकलं,
कुरकुर न करता.

“मळे उतारावर,” म्हणाले, “आपल्या नाशिकसारखे सपाट नाहीत.
सप्टेंबरात ताजी गढूळ वाइन,
तिच्याबरोबर कांद्याचं काहीतरी, जाड, भट्टीतलं.
सुरुवातीला माळकऱ्याचा मुलगा म्हणून नको म्हणायचो.
नंतर नुसता कांदा तरी खायला लागलो.”
वाइनचं काय, मी विचारलं नाही.
“घरमालकीण गाफाने म्हणायची मला.
व्हीचा ते फ करतात ना.
सव्वीस महिने गाफाने.”
दुरुस्त नाही केलंत?
“कशाला? हाक मारायची, मी ओ द्यायचो.
जेवण तयार असायचं.”

मग हिशेब. शब्दाला तीन रुपये.
चष्मा लावला, बोट कागदावरून चालवत
एकेक शब्द मोजला, ओठ हलत होते.
चौथ्या ओळीत थांबले.
“हा ‘द’ पण धरलाय?”
धरला होता.
“हा काढा.”
म्हटलं, काका, काढला तर चूक होईल.
“पैशातून काढा.
कागदावर राहू द्या. पेन्शन अडायला नको.”

तीन रुपये कमी केले.
पाकिटात घडी घालताना
त्यांनी इंग्रजी कागद बाहेरून घेतला
आणि तो पुसट, शिक्क्याचा, आत.